रकाना सातवा

निझव्याच्या पुढे, उघड्याबोडक्या डोंगराच्या पायथ्याशी
खजुरांत लपलेलं गाव.
जानेवारी सरत आलाय. रात्रीचा एक.
झहरान बिन हिलाल मशिदीच्या भिंतीला पाठ टेकून बसलाय,
शेजारी मी,
मांडीवर विद्यापीठाचा टॅब, नाकाला थंडी.
फलजचं पाणी अंधारात बोलतंय,
ऐकू येतंय, दिसत नाही.

थुरय्या डोंगराच्या दातांत शिरली
तसा तो उठला.
दगड आणि जुन्या गोणपाटाचा बोळा
एका पाटाच्या तोंडातून उपसला, दुसऱ्याच्या तोंडात कोंबला.
सैफच्या पोरांचं पाणी संपलं,
विधवा शम्साच्या अकरा झाडांचं सुरू झालं.
"आता दबरान बुडेस्तोवर," तो म्हणाला. "एक अथर."

मी वेळ नोंदली. टॅबवर लाल चौकट.
काल हेच पाणी चार मिनिटं उशिरा वळलं होतं,
परवा आठ.
लाल चौकटीत शब्द: त्रुटी.

त्याला दाखवलं. तो हसला, मग बराच वेळ खोकला.
"तुझं घड्याळ म्हणजे खुंटीला बांधलेलं गाढव, पोरी.
चांदणी चालती आहे.
रोज जराशी लवकर घरी जाते."

हे मला येत होतं.
नाक्षत्र दिवस, तेवीस तास छप्पन्न मिनिटं,
पेपरात लिहून पैकीच्या पैकी घेतले होते.
मान वर करून पाहिलं नव्हतं कधी, एवढंच.

रकाना सातवा: माहिती देणाऱ्याचं शिक्षण.
प्राथमिक, माध्यमिक, पदवी, निरक्षर.
यातलं एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

"किती शिकलात?" मी विचारलं.
"बापाच्या मागे कंदील धरून अकरा वर्षं.
मग एका रात्री त्यानं फुंकर मारून कंदील विझवला,
म्हणाला, आता तू पुढे हो."

मोसम नदीवर आमचाही फड होता.
निंबामामा पाटकरी.
कुठल्या थळाला कधी आणि किती, सगळं बोटांच्या पेरांवर.
सातवी नापास म्हणून लग्नाच्या पंगतीत आम्ही भाचरं त्याला हसायचो.
माझ्या अभ्यासक्रमात फडाला दीड ओळ होती.
पारंपरिक सिंचन, थोडक्यात टीप लिहा, गुण दोन.
मी तो प्रश्न पर्यायात सोडला.

"तुमच्याकडे काय म्हणतात थुरय्याला?"
"कृत्तिका."
"हे पुस्तकातलं वाटतं. पाणी सोडणारे काय म्हणायचे?"

बागलाणात अडीच वाजले असतील. तरी फोन लावला.
मामेभाऊ झोपेत: "कोणती चांदणी? अगं, ड्रिप आहे आता,
मोटार मोबाइलवर चालू होते. बरी आहेस ना?"
मग खाटेची कुरकुर, मामीचा आवाज लांबून,
आणि तो सांगतो,
"आई म्हणते, नाव नव्हते घेत.
वर बघून नुसतं म्हणायचे, आली."

आली.
झहरानला सांगितलं तर त्यानं मान हलवली,
जणू लांबच्या नातलगाची ख्यालीखुशाली कळावी.

दबरान कड्याला टेकली.
"चल," तो म्हणाला, "या वेळी तू."
टॅब भिंतीवर ठेवला, बाह्या वर केल्या.
पाणी कोमट निघालं. मला वाटलं होतं, गारठा चावेल.
दगड निसटला, गोणपाट वाहून गेलं,
दोन्ही पाट एकदम सुटले, मी चिखलात गुडघ्यावर,
अंधारात बोळा चाचपतेय
आणि शम्साच्या शेजारणीचं पाणी रस्त्यावरून निघालंय.

म्हाताऱ्यानं मदत केली नाही.
शेवटी बोळा बसला तेव्हा आभाळाकडे पाहत म्हणाला,
"चार मिनिटं.
ही लिही तुझ्या लाल चौकटीत."